खणखणीत की बद्द?

दोस्तांनो, उन्हाळा लागला की आजीबरोबर माठ आणायला कधी गेला आहात का? गेला असाल तर एक गोष्ट नक्की पाहिली असेल. आजी माठाचा रंग बघते, आकार बघते आणि मग बोटाची पेरं वळवून त्यावर टकटक करते. ‘खण्’ असा आवाज आला की तिची मान हलते. ‘बद्द’ वाजला की माठ बाजूला! कुंभारदादा कितीही म्हणाला, “अहो आजी, कुठं तडा दिसतोय का?” तरी आजी काही ऐकत नाही. तिचं म्हणणं एकच, “डोळ्यांना दिसत नाही, पण आत आहे.”

आज आपण आजीच्या या टकटकीविषयीच बोलणार आहोत. मात्र माठाऐवजी वाजवायचा आहे पूल. काँक्रीटचा, नदीवरचा, दिवसभर ट्रक आणि एसटी गाड्या अंगावर घेणारा पूल.

आता तुम्ही म्हणाल, काँक्रीट म्हणजे दगडच की! दगडाला काय होणार? हाच तर घोटाळा आहे. काँक्रीट दिसतं दगडासारखं, पण त्याच्या पोटात लोखंडी सळया असतात. काँक्रीट दाब छान सोसतं, पण त्याला ताणलं की ते तडकतं. ताण सोसायचं काम सळयांकडे असतं. म्हणजे ही दोघांची जोडी आहे. एक आजारी पडला की दुसऱ्याचं काही खरं नाही. आणि सळई आजारी पडते तेव्हा ती आत असते, आपण बाहेर असतो.

हे किती महागात पडतं ते बघा. पणजीला मांडवी नदीवर १९७० साली एक पूल वाहतुकीसाठी खुला झाला. त्याचं नाव नेहरू पूल. पूल म्हटला की आपण पन्नास, शंभर वर्षांचा हिशोब करतो. हा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. वय किती? अवघं सोळा! म्हणजे तुमच्यातल्या काही जणांच्या ताई-दादाएवढं. पणजी आणि पलीकडचा बार्देश यांच्यातला रस्ताच तुटला. लोकांना पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत उभं राहावं लागलं. नवा पूल व्हायला १९९२ साल उजाडलं.

सोळा वर्षांच्या पुलाला झालं तरी काय? तो पूल ‘प्रीस्ट्रेस्ड’ काँक्रीटचा होता. शब्द अवघड आहे, पण प्रयोग सोपा आहे. टेबलावर सात-आठ पुस्तकं एकमेकांना चिकटवून आडवी रांगेत उभी करा. आता दोन्ही टोकांना तळहात लावून जोरात दाबा आणि उचला. सगळी रांग उचलली जाते, मधलं एकही पुस्तक पडत नाही. हाताचा दाब ढिला केला की धपाधप! प्रीस्ट्रेस्ड पुलात तळहातांचं काम पोलादी तारांचे जुडगे करतात. काँक्रीटमध्ये नळ्या ठेवून त्यांतून हे जुडगे ओवतात, प्रचंड ताकदीने ताणतात आणि टोकांना पक्के करतात. त्यामुळे पूल कायम दाबून धरलेला राहतो. मग त्या नळ्यांमध्ये सिमेंटची पातळ लापशी भरतात, म्हणजे तारांना हवापाणी लागत नाही.

ही लापशी कुठे अर्धवट भरली गेली आणि तिथून खारं पाणी आत शिरलं तर? तारा गंजतात. आधीच करकचून ताणलेली तार गंजून बारीक झाली की एक दिवस तुटते. मग दुसरी, मग तिसरी. बाहेरून पूल जसाच्या तसा! मांडवीच्या पुलाच्या बाबतीत या गंजाकडेच बोट दाखवलं जातं. समुद्राजवळची खारी हवा आणि पोटातल्या गंजणाऱ्या तारा. हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही, बरं का. त्याआधी सातच महिने, डिसेंबर १९८५मध्ये, ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात अशाच तारांचा एक पूल काही कल्पना न देता पडला होता. पुढे १९९२ साली तर ब्रिटनने लापशी भरलेल्या तारांचे नवे पूल बांधायला काही काळ चक्क बंदी घातली होती.

म्हणजे प्रश्न आजीचाच आहे. डोळ्यांना दिसत नाही, पण आत आहे. मग ओळखायचं कसं?

पुलांचे इंजिनिअर हे काम डॉक्टरांसारखं करतात. डॉक्टर आधी काय म्हणतात? “जीभ दाखव बघू!” पुलाचीही पहिली तपासणी डोळ्यांनीच होते. परांचीवर चढून किंवा होडीतून पुलाखाली जाऊन, हात लावता येईल इतक्या जवळून. तडे कुठे आहेत, किती रुंद आहेत, कोणत्या दिशेने जातात, गंजाचे तपकिरी ओघळ आहेत का, पांढरे ओघळ आहेत का, कुठे पोपडा सुटून सळई उघडी पडली आहे का. लोखंड गंजलं की गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जास्त जागा लागते. तो आतून ढकलतो आणि काँक्रीट फुगून फुटतं. म्हणून सळईच्या रेषेतच लांबच्या लांब गेलेला तडा दिसला की इंजिनिअरच्या कपाळाला आठी पडते.

दुसरी तपासणी म्हणजे आजीची टकटक. छोट्या हातोडीने काँक्रीट वाजवत जायचं. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो. वरचा थर आतून सुटला असेल तर आवाज बद्द येतो. तिथे खडूने खूण करायची. शेकडो रुपयांचंही यंत्र लागत नाही, कान मात्र तयार हवा.

पण “मला जरा बद्द वाटलं” एवढ्यावर पूल बंद करता येत नाही. आकडा हवा. म्हणून विसाव्या शतकाच्या मध्याला अर्न्स्ट श्मिट या स्विस इंजिनिअरने एक हातोडी बनवली. तिला रिबाउंड हॅमर म्हणतात. जाड टॉर्चसारखी दिसते. आत स्प्रिंग आणि वजन असतं. काँक्रीटवर दाबली की वजन आपटतं आणि उसळतं. रबरी चेंडू फरशीवर उसळतो, वाळूवर बसून जातो, तसंच हे. उसळी जास्त तर पृष्ठभाग कडक. उसळीचा आकडा पट्टीवर वाचायचा.

झालं ना मग काम? थांबा! इथे एक गंमत आहे, आणि ती जरा घातक आहे. ताजं काँक्रीट अल्कधर्मी असतं. त्याचा पीएच साडेबाराच्या वर असतो. त्यामुळे आतल्या सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक पापुद्रा तयार होतो आणि ती गंजत नाही. पण वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये मुरत जातो आणि हा अल्कपणा कमी होतो. तो परिणाम सळईपर्यंत पोचला की पापुद्रा गेला, गंजाला दार उघडं! आता गंमत बघा. ज्या थरात कार्बन डायऑक्साइड मुरला तो थर वरून आणखी कडक होतो. म्हणजे हातोडी जास्त उसळते. काँक्रीट आजारी पडत चाललंय आणि हातोडी म्हणतेय, “वा! तब्येत छान!” शिवाय ही हातोडी काँक्रीटच्या फक्त कातडीशी बोलते. आत पोकळी असली तरी तिला पत्ता नसतो. म्हणूनच आपल्या भारतीय मानकात लिहिलेलं आहे की या हातोडीवरून काढलेली ताकद २५ टक्के इकडेतिकडे असू शकते.

मग तो कार्बन डायऑक्साइड किती मुरला हे कसं कळणार? त्याचं उत्तर तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बाटलीत आहे. फिनॉल्फ्थॅलिन! आम्ल-अल्कांचा धडा झाला असेल तर आठवेल. काँक्रीटचा ताजा फोडलेला भाग घ्यायचा आणि त्यावर हा द्राव फवारायचा. अल्कधर्मी भाग मस्त गुलाबी होतो. मुरलेला भाग तसाच राहतो. मग पट्टीने मोजायचं, वरून किती मिलिमीटर गुलाबी झालं नाही? सळई किती खोल आहे? गुलाबी रंग सळईच्या बराच वर सुरू होत असेल तर ठीक. सळईच्या भोवतीच रंग आला नाही, तर पुढची तपासणी लगेच.

आता जरा खोलात जाऊ. आतली पोकळी शोधायची तर आवाजच आत पाठवायला हवा. आपल्या कानांना साधारण २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. या तपासणीत सेकंदाला सुमारे ५४,००० कंपनांचा आवाज वापरतात, म्हणून तिला अल्ट्रासॉनिक म्हणायचं. खांबाच्या एका बाजूला आवाज पाठवणारी डबी, दुसऱ्या बाजूला ऐकणारी डबी. मध्ये हवेचा थर राहू नये म्हणून ग्रीस लावतात. डॉक्टर सोनोग्राफीच्या आधी पोटाला थंडगार जेल लावतात ना, अगदी तसंच!

चला, एक गणित करू. खांब ३० सेंटिमीटर जाड आहे. आवाज पलीकडे जायला ७० मायक्रोसेकंद लागले. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. वेग किती? ०.३ मीटर भागिले ७० मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ४.३ किलोमीटर. हवेत आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, तेव्हा काँक्रीटमध्ये तो किती सुसाट पळतो बघा. साडेचारच्या वर वेग असेल तर काँक्रीट उत्तम, साडेतीन ते साडेचार चांगलं, तीन ते साडेतीन बेताचं आणि तीनच्या खाली शंकास्पद, अशी साधारण प्रतवारी भारतीय मानकाने १९९२ साली दिली. आता त्याच खांबात दुसऱ्या जागी १२० मायक्रोसेकंद लागले तर? वेग अडीच किलोमीटर. म्हणजे आवाजाला वाटेत पोकळी लागली आणि तो वळसा घालून आला. तिथे लाल खूण!

पण हा आवाजही फसवतो. तडा पाण्याने भरलेला असेल तर आवाज पाण्यातून आरामात निघून जातो आणि तडा लपतो. भर पावसात घेतलेलं माप आणि मे महिन्यातलं माप सारखं येईलच असं नाही. वाटेत सळई आली तर आवाज पोलादातून आणखी जोरात पळतो आणि फुकटचे मार्क मिळतात.

म्हणून गंजासाठी वेगळी परीक्षा आहे. लिंबात तांब्याची पट्टी आणि जस्ताचा खिळा खुपसून तुम्ही विजेचा घट केला असेल. गंजणं हीसुद्धा तशीच विजेची क्रिया आहे. म्हणून इंजिनिअर एक छोटी नळी घेतात. तिच्यात मोरचुदाचं द्रावण आणि तांब्याची काडी असते. एका जागी काँक्रीट थोडं फोडून सळईला वायर जोडतात, पृष्ठभाग ओला करतात आणि नळी ठिकठिकाणी टेकवून व्होल्टमीटर वाचतात. आकडा उणे ३५० मिलिव्होल्टच्या खाली गेला, तर तिथे गंज सुरू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त. उणे २०० ते उणे ३५०च्या मध्ये आला तर नक्की सांगता येत नाही. सगळे आकडे नकाशावर मांडले की पुलाच्या पोटात गंज कुठे कुठे बसलाय ते दिसू लागतं. किती लोखंड खाल्लं ते मात्र ही परीक्षा सांगत नाही.

आणि मांडवीच्या पुलासारख्या, नळीत दडलेल्या तारा? तिथे ही नळी फारशी उपयोगी नाही. तिथे पोलादाची छोटी गोळी काँक्रीटवर आपटून प्रतिध्वनी ऐकतात. भरलेल्या नळीचा आणि पोकळ नळीचा प्रतिध्वनी निराळा येतो. ही युक्ती अमेरिकेत १९८०च्या दशकात मेरी सॅन्सालोन आणि निकोलस कॅरिनो यांनी नावारूपाला आणली. संशय आलाच तर नळीपर्यंत बारीक भोक पाडतात आणि छोटा कॅमेरा आत सोडून तारा प्रत्यक्ष बघतात. पुलाची एंडोस्कोपीच ती! काही मोठ्या पुलांवर तर कानासारखी यंत्रं चिकटवून ठेवतात. आत एखादी तार तुटली की तो ‘टण्’ त्यांना ऐकू येतो.

एवढं करूनही शंका उरली, तर दोन जुने आणि खात्रीचे उपाय आहेत. एक म्हणजे हिऱ्याच्या दातांचं गोल करवत लावून काँक्रीटचा गोल तुकडा कापून काढायचा आणि प्रयोगशाळेत दाबून फोडायचा. भोक नंतर भरून टाकायचं. दुसरा उपाय म्हणजे सरळ वजन ठेवून बघायचं. इमारतीच्या स्लॅबसाठी नियम असा आहे की ठरलेल्या वापराच्या वजनाच्या सव्वापट वजन २४ तास ठेवायचं, मग काढायचं. स्लॅब जेवढा वाकला होता, त्यातला निदान ७५ टक्के वाक पुढच्या २४ तासांत परत सरळ व्हायला हवा. पुलावर वजनाच्या जागी भरलेले ट्रक उभे करतात आणि पूल किती मिलिमीटर खाली गेला ते मोजतात.

हुश्श! किती या तपासण्या! तुम्ही विचाराल, यातली सगळ्यात चांगली कोणती? खरं सांगू का, एकटी कुठलीच नाही. हातोडीला फक्त कातडी कळते, आवाजाला पोकळी कळते, गुलाबी द्रावाला अल्कपणा कळतो, मोरचुदाच्या नळीला गंज कळतो. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट आठवते ना? इथे चारपाच जणांना विचारूनच हत्ती ओळखावा लागतो. दोन तपासण्यांची उत्तरं जुळली नाहीत, तर आपल्याला आवडेल ते उत्तर निवडायचं नसतं. तिसरी तपासणी करायची असते.

आणि सगळ्या तपासण्यांच्या वर एक गोष्ट आहे. तिच्यासाठी कुठलंही यंत्र निघालेलं नाही. १४ मार्च २०१९ची संध्याकाळ. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळच्या पादचारी पुलाचा स्लॅब खाली आला. कामावरून घरी निघालेली माणसं त्यावर होती. किमान सहा जणांचा जीव गेला. या पुलाचं स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं नव्हतं का? झालेलं होतं, दोस्तांनो! थोडे महिने आधीच झालं होतं. अहवालात त्या पुलाला किरकोळ दुरुस्ती सुचवलेली होती. म्हणजे तपासणी झाली की पूल सुरक्षित, असं नसतं. तपासणी नीट झाली, जे दिसलं ते जसंच्या तसं लिहिलं आणि लिहिलेलं कुणीतरी वेळेवर वाचलं, तरच ती तपासणी. नाहीतर तो नुसता कागद.

मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच सक्तीचं आहे. तुमच्या सोसायटीतही कधी हे हातोडीवाले काका-मावशी येतील. आले की “आमच्या घरात धूळ नको” म्हणून दार लावू नका. उलट त्यांना तो सिलिंगचा डाग दाखवा, जो बाबांनी कॅलेंडर लावून झाकलाय!

आता या आठवड्याचा गृहपाठ. एक रुपयाचं नाणं घ्या आणि घरातल्या फरश्या एकेक करून वाजवा. बहुतेक फरश्या खणखणीत बोलतील. एखादी बद्द बोलेल. तिच्याखालचा माल सुटलाय. वहीत फरश्यांचा नकाशा काढून त्या जागी लाल खूण करा. घाबरू नका, सुटलेल्या फरशीमुळे घर पडत नाही. पण तुमचा कान तयार होईल.

दुसरं काम. शाळेच्या किंवा इमारतीच्या खांबाला तडा दिसला, तर त्याच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने बारीक रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. महिन्याने परत बघा. तडा रेघेच्या पुढे गेला असेल तर तो जिवंत आहे. लगेच बाईंना, सरांना किंवा आईबाबांना दाखवा. सळई उघडी पडलेली दिसली, खांब फुगलेला दिसला किंवा गंजाचे ओघळ दिसले, तर महिनाभर थांबायचं नाही, त्याच दिवशी सांगायचं. मोठी माणसं म्हणतील, “अरे, ते कधीपासून तसंच आहे!” तेव्हा तारखेची वही पुढे करा. तारखेपुढे कुणाचं काही चालत नाही. आणि हो, पुलाखाली किंवा कठड्यावर एकट्याने हातोडी घेऊन मुळीच जायचं नाही. ते काम परांची बांधून, हेल्मेट घालून करणाऱ्यांचं.

एक मात्र करा. पुढच्या वेळी एसटी खाडीवरच्या पुलावरून जाईल, तेव्हा खिडकीतून पाणी बघून झालं की एकदा कठड्याकडेही बघा. तपकिरी ओघळ दिसतात का? दिसले तर पुलाचं नाव आणि तारीख वहीत लिहा आणि घरी गेल्यावर मोठ्यांना दाखवा.

तुमच्या फरश्यांचे नकाशे जरूर पाठवा. सगळ्यात जास्त बद्द फरश्या कुणाच्या घरात निघतात ते बघू या! तर मग, भेटू पुढच्या आठवड्यात.